स्वरूपाचा होकार

रविवार, ९ जानेवारी २०००

नव्या सालाची वही येऊन नऊ दिवस झाले, आज पहिल्यांदा उघडली. वर्गात मुलांना सांगते, रोज चार ओळी लिहा. बाई स्वतः कोऱ्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

स्वरूपाचं पत्र आलं. पुण्याला जाऊन तिला पाच महिने झाले. परदेशातल्या हॉस्पिटलांचे कागद कॉम्प्युटरवर उतरवून घेणाऱ्या कंपनीत ती काम करते. शिफ्ट संपल्यावर तिथे तासभर इंटरनेट वापरू देतात म्हणे. लिहिते, "आई बाबा, घरी इंटरनेट घ्या. तुम्ही लिहाल ते मला लगेच दिसेल. मी लिहीन ते तुम्हाला. फोनसारखं बोलता येईल."

दिल्लीत मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये बारा वर्षं फोन आहे. त्यावर मी सगळ्या जगाशी बोलते, फक्त पोटच्या मुलीशी बोलता येत नाही, कारण तिला ऐकू येत नाही. तिला काही विचारायचं तर पुण्यात माझ्या थोरल्या भावाला, राजाभाऊला, फोन करते. तो रविवारी तिच्या हॉस्टेलवर जातो आणि संध्याकाळी मला तिचं उत्तर सांगतो. एवढा द्राविडी प्राणायाम.

यांनी पत्र तीनदा वाचलं. म्हणाले, "बघू या का, सुनंदा, एखादा जुना कॉम्प्युटर?" मी म्हटलं, "घरात लग्नाची बोलणी, आणि तुम्हाला खेळणी सुचतायत." गप्प बसले. यांचं नेहमीचंच. बापलेकींमधलं जे काही बोलणं आजवर झालं ते माझ्या तोंडून झालं. ती काय म्हणते ते यांना मी सांगायचं, हे काय म्हणतात ते तिला मी सांगायचं. वीस वर्षं मी तेच केलं आणि कधी कंटाळले नाही.

शुक्रवार, २१ जानेवारी

आणलाच शेवटी.

यांच्या मंत्रालयातल्या जुन्या कॉम्प्युटरांना दोन हजार साल झेपणार नाही म्हणून डिसेंबरात चौदा नग निकामी ठरवले. ठरवणाऱ्या समितीत हेही होते. कागदावर सही यांची, "सेक्शन ऑफिसर". आपल्याच ऑफिसच्या लिलावात बोली लावायची नाही हे यांचं तत्त्व. म्हणून भंगारवाल्यानं सगळा माल उचलेपर्यंत थांबले, त्याला गेटबाहेर गाठलं, त्यातला एक विकत घेतला आणि वर पावतीही मागितली. भंगारवाला म्हणाला म्हणे, "बाबूजी, कल तक तो आप ही का था!"

स्कूटर-रिक्षात मांडीवर धरून आणलं. शिवणाच्या मशीनवर पाट टाकून त्यावर ठेवलंय. कळकट रंग, बाजूला सरकारी नंबर. मी बोलले नाही. बोलले असते तर फार बोलले असते.

रविवार, २३ जानेवारी

आज मन भरून आलं आहे. राजाभाऊचा फोन आला. स्वरूपा हो म्हणाली.

स्थळ गुडगावचं. मुलगा सुधन्वा, मानेसरला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. वय पस्तीस. पहिली बायको वर्षभरात सोडून गेली, मूल नाही. घरी फक्त आई, वैजयंतीबाई. दिवाळीत स्वरूपा आली होती तेव्हा दोघं चहाला येऊन गेले. तेव्हा तिला काही सांगितलं नव्हतं, उगाच बुजली असती. ती छान हसली, सगळ्याला मान डोलावली, पोहे आणून दिले. त्यांना पसंत पडली. ऐकू येत नसलेल्या मुलीला ऐकणाऱ्या घरातून मागणी येते, ही काय साधी गोष्ट आहे?

राजाभाऊ म्हणाला, "सुनू, मी अगदी नीट विचारलं गं. घर, नोकरी, पहिलं लग्न, सगळं सांगितलं. हसली. मान डोलावली. म्हटलं, पक्कं ना? पुन्हा मान डोलावली. लाजली पोर."

फोन ठेवून मी देवाजवळ साखर ठेवली. हे म्हणाले, "राजाभाऊंच्या मिशांमुळे तिला त्यांचे ओठ दिसत नाहीत. लहानपणापासून सांगते ती."

"दोनदा मान डोलावली तिनं," मी म्हटलं. "तुम्हाला काय स्टँपपेपरवर हवंय?"

मंगळवार, २५ जानेवारी

वैजयंतीबाईंना फोन करून शब्द दिला. पाडव्याला, पाच एप्रिलला, साखरपुडा. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई, आमच्या पहिलीचं तोंड फार होतं. आता घरात शांतता नांदेल." मीही हसले. विहिणी-विहिणींची थट्टा.

रविवार, ६ फेब्रुवारी

मृणाल आली होती. आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते, नागपूरची, जन्म दिल्लीतला, त्यामुळे मराठीला हिंदीचं ठिगळ. तिनं स्क्रू काढले, आत फुंकर मारली, खोकली. "सुनंदाताई, मेमरी कमी आहे, पण चलेगा. मोडेम लागेल, तो फोनच्या तारेला जोडायचा. नेहरू प्लेसला सेकंडहँड मिळतो. नवा घेऊ नका यार, इससे महंगा पडेगा."

एक खोड आहे. आतली बॅटरी मेलीय, म्हणून दर वेळी सुरू केलं की तारीख १९८० दाखवतं. दर वेळी आपण हातानं बदलायची.

१९८० आम्हाला काही सुखाचं गेलं नव्हतं. त्याच वर्षी स्वरूपाला मेंदूज्वर झाला. चार वर्षांची होती, चुरूचुरू बोलायची. तापातून उठली ती हाक मारली तरी वळेना. डॉक्टर म्हणाले, हातवारे करू देऊ नका, नाहीतर बोलणं विसरेल. मी तिला माझ्यासमोर पाटावर बसवायची, दोन्ही हात मांडीखाली ठेवायला लावायची आणि ओठ वाचायला शिकवायची. रोज तीन तास, आठ वर्षं. हात सुटले की पहिल्यापासून. रडायची. मीही रडायची, पण स्वयंपाकघरात. आज ती चार शब्द बोलते ते त्यामुळे.

आणि चारचौघांत कसं वागायचं तेही मीच शिकवलं. लोकांना पुन्हा पुन्हा सांगायचा कंटाळा येतो. "कळलं नाही" म्हटलं की समोरच्याच्या कपाळावर आठी येते, ती मी पाहिली आहे, दुकानात, लग्नात, बसमध्ये. म्हणून तिला सांगितलं, कळलं नाही तरी तसं म्हणायचं नाही. हसायचं, मान डोलवायची. घरी आल्यावर मी सांगेन. तिनं ते इतकं उत्तम उचललं की पाहुण्यांना कितीदा कळायचंच नाही, हिला ऐकू येत नाही म्हणून. मला त्याचा अभिमान वाटायचा. वाटतो.

रविवार, १३ फेब्रुवारी

तिचं पत्र. दोन ओळी मामाबद्दल: "मामा आले होते. बाकरवडी आणली. खूप बोलले, छान बोलले." लग्नाबद्दल अक्षर नाही. लाजतेय. मीही माझ्या पत्रात उघड लिहिलं नव्हतं, "मामांनी सांगितलंच आहे, आम्हाला फार आनंद झाला" एवढंच लिहिलं होतं.

पुढे मात्र लिहिते, ऑफिसात सिद्धांत नावाचा मुलगा आहे, त्यालाही ऐकू येत नाही, तो तिला हातानं बोलायला शिकवतो. "आई, हातानं एक तास गप्पा मारल्या तरी डोकं दुखत नाही."

इतक्या वर्षांची मेहनत कोणी उपटसुंभ येऊन पुसून टाकणार. ताबडतोब उत्तर लिहिलं की हातवारे बंद, सासरी असलं शोभत नाही. मग "सासरी" हा शब्द खोडला, पत्रात नको. यांना दाखवलं. हे विचारतात, "सिद्धांत कोण?" म्हटलं, "कोण का असेना, हातवारे शिकवतोय ते बघा."

रविवार, २० फेब्रुवारी

गुडगावला जाऊन आलो. दोन बसा, पुढे शेअर ऑटो. एका बाजूला काचेच्या इमारती उभ्या राहतायत, दुसऱ्या बाजूला म्हशी. सुधन्वाचं घर नव्या वसाहतीत, दुसरा मजला. सगळं लख्ख, भांड्यावर बोट फिरवलं तर चर्र वाजेल. टेलिफोनला कुलूप घातलेलं. मी पाहतेय म्हटल्यावर वैजयंतीबाई हसून म्हणाल्या, "पहिली तासन्‌तास माहेरी बोलायची. हिचा तो प्रश्नच नाही."

नोकरीचं विचारलं. "घरात का काम कमी आहे?" म्हणाल्या. ते तसं खरं आहे.

सुधन्वा कमी बोलतो. निघताना म्हणाला, "दिवाळीत मी तिला माझ्या अपेक्षा सांगितल्या होत्या, बाल्कनीत. सगळ्याला हो म्हणाली. फार समजूतदार आहे." मला बरं वाटलं. परतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, निदान पुण्यापेक्षा जवळ. दर रविवारी जाता येईल, ती काय म्हणते ते त्यांना समजावून सांगता येईल.

शनिवार, ४ मार्च

नेहरू प्लेसहून मोडेम. काड्यापेट्यांच्या पुड्याएवढा डबा, पुढे लाल दिवे. दुकानदारानं चालवून दाखवला, पण गॅरंटी द्यायला तयार नाही. त्याचे पैसे भरून काढायला यांनी महिनाभर बसायला जागा देणारी चार्टर्ड बस सोडून साध्या बसनं जायचं ठरवलंय, उभ्यानं. एकोणसाठ वर्षांचा माणूस. मी म्हटलं, कशाला हा हट्ट. मुलगी लग्न होऊन चार महिन्यांत इथेच येतेय. हे म्हणाले, "मला तिच्याशी एकदा बोलायचंय."

"मी रोज काय करते मग?"

"तू बोलतेस," हे म्हणाले.

मंगळवार, १४ मार्च

दहा दिवस झाले. मोडेम नंबर फिरवतो, ओरडतो, मेल्यासारखा गप्प होतो. मृणाल दोनदा येऊन गेली. शेवटी टेलिफोनचा लाइनमन आणला. तो बाल्कनीत चढून म्हणाला, "मैडम, जोड़ में पानी गया है. बोलने का काम चल जाता है, आदमी अंदाज़ से समझ लेता है. मशीन अंदाज़ा नहीं लगाती." तार कापून नवा जोड दिला. मी त्याला चहा दिला, यांनी पावती मागितली.

मृणालही आली होती. वर लाइनमनकडे पाहता पाहता तिनं विचारलं, "ताई, लग्नाचं तुम्ही स्वरूपाला डायरेक्ट विचारलंय ना?"

"तिच्या मामांनी विचारलंय."

"अच्छा," म्हणाली. हल्लीच्या मुलींचं हे "अच्छा" मला समजत नाही.

मंगळवार, २१ मार्च

लागलं. काल धुळवडीची सुट्टी होती तेव्हा दिवसभर एंगेज, आज शाळेतून आल्यावर सतराव्या खेपेला लागलं.

मोडेमचा आवाज कसला भयंकर. आधी शिट्ट्या, मग पत्रा घासल्यासारखं, मग एकदम शांत. आणि पडद्यावर अक्षरं आली की तुम्ही जोडले गेला आहात. हे टाळ्या वाजवायला लागले, एकटेच. मला एकदम वाटलं, हा एवढा कर्कश आवाज, आणि ज्या मुलीसाठी तो चालला आहे तिला तो कधीच ऐकू येणार नाही. माझे डोळे ओले झाले. यांना सांगितलं, कालचा रंग गेला असेल डोळ्यांत.

मृणालनं माझ्या नावानं खातं उघडून दिलं. रविवारी दुपारी तीनला भेटायचं, असं राजाभाऊमार्फत स्वरूपाला कळवलं. चिठ्ठी लिहून द्यायला सांगितली, वेळेचा घोळ नको म्हणून.

रविवार, २६ मार्च

जमेल तसं लिहिते.

तीन वाजता बसलो. खुर्चीवर मी, मागे हे उभे. टाइप मी करणार हे ठरलेलंच होतं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, मला एकेक अक्षर शोधावं लागतं. इथे नीट उतरवते.

पडद्यावर आलं: "आई? की बाबा?"

मी "आई" लिहीपर्यंत तिचं चार ओळींचं आलं. जेवलात का, दिल्लीत गरम सुरू झालं का, बाबांची बस, माझी कंबर, हॉस्टेलची मांजर. माझी मुलगी इतकं बोलते? समोर असते तेव्हा एकेक शब्द जपून काढते, मी पुढचं पूर्ण करते. इथे मी तीन अक्षरं लिहिते तोवर ती पानभर. मागून हे वाचत होते, मोठ्यानं. मध्येच हसले. तिनं काहीतरी विनोद केला होता, मांजरीवरून. मला तो वाचायला उशीर झाला.

म्हटलं, आधी कामाचं. लिहिलं, "साखरपुड्याच्या ब्लाउजचं माप पाठव. तिकीट ३ तारखेचं राजाभाऊ देईल."

थोडा वेळ काही आलं नाही. मला वाटलं, तार गेली.

मग आलं, "कोणाचा साखरपुडा?"

मी लिहिलं, "तुझा. सुधन्वाशी. मामांना तू हो म्हणालीस."

"मामांना मी काय म्हणाले?"

"हो म्हणालीस. दोनदा मान डोलावलीस."

यांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो घट्ट झाला. मग एकेक ओळ येत गेली.

"मामा बोलत होते ते मला कळलं नाही."

"मामांचं कधीच कळत नाही."

"आई, मला कळत नाही तेव्हा मी मान हलवते."

"तूच सांगितलं होतंस."

त्याच वेळी दुसरा फोन आला असावा, कुठूनतरी टुकटुक झालं आणि सगळं बंद पडलं. मग फोनच वाजला. वैजयंतीबाई होत्या. पाडव्याला किती माणसं येणार ते विचारत होत्या. मी सांगितलं, अकरा.

सोमवार, २७ मार्च

शाळेत गेले नाही. डोकं दुखतं म्हणून कळवलं.

बुधवार, २९ मार्च

माझ्या बाजूनं खरं काय ते लिहून ठेवते, दुसरं कोणी वाचणार नाही.

पहिला विचार आला तो असा, की हे पोरीचं नाटक आहे. त्या सिद्धांतनं फूस दिली असेल. दुसरा विचार आला की शब्द दिलाय, आता नाही म्हटलं तर दिल्लीतल्या मराठी घरांत तोंड दाखवता येणार नाही, महाराष्ट्र मंडळात सगळे सगळ्यांना ओळखतात. तिसरा, तिला समजावता येईल. समोर बसवून ओठ नीट हलवून सांगितलं की ती मान डोलावेल.

हा तिसरा विचार आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात तसेच राहिले.

मग दुपारभर आठवत बसले. दहावीनंतर विज्ञान घ्यायचं का विचारलं, मान डोलावली. केस कापायचे का, मान. आजोबा गेले ते सांगितलं, मान डोलावली आणि हसली, आणि मी तिला सगळ्यांसमोर चापट मारली. आता वाटतं, तिला कळलंच नसेल, कोण गेलं ते. बारा वर्षांची होती. माझ्या सगळ्या आयुष्यात ती मला कितीदा खरोखर हो म्हणाली असेल? मला एकही सांगता येत नाही.

यांना हे सगळं बोलून दाखवलं. हे म्हणाले, "मला कधीतरी शंका यायची."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्यासमोर मीही मान डोलवायला शिकलो, सुनंदा."

फार लागलं. पण खोटं म्हणता येत नाही.

रविवार, २ एप्रिल

मृणालनं सेटिंग बदलून दिलं, आता मधे फोन आला तरी लाइन तुटणार नाही. दुपारी बसलो. सकाळपासून एक वाक्य मनात घोकलं होतं. इतक्या वर्षांत मुलांना हजार निबंध लिहायला लावले, पण हे वाक्य जमत नव्हतं.

लिहिलं, "स्वरूपा, तुला हे लग्न करायचं आहे का? तुला काय हवं ते सांग. मी रागावणार नाही." मग शेवटचं पुसलं, कारण ते खात्रीनं सांगता येत नव्हतं. "रागावले तरी चालेल" असं लिहिलं.

उत्तर आलं, "नाही."

एवढं एकच. पुढे, "दिवाळीत तो बाल्कनीत काय बोलला ते मला कळलं नव्हतं. दाढीचा साबण कानाला होता, तेवढं दिसलं. मला इथे राहायचं आहे. काम आवडतं. इथे लोक मला पुन्हा पुन्हा सांगतात, कंटाळत नाहीत."

यांनी मागून वाचलं आणि पाणी प्यायला गेले.

मी लिहिलं, "बरं. मी त्यांना सांगते."

ती म्हणाली, "मी पत्र लिहू का त्यांना? माझं मी सांगते."

मी "नको" असं लिहिणार होते. हात तिथेच गेले होते. मग लिहिलं, "लिही. पण शब्द मी दिला होता, तो मला परत घ्यायला जाऊ दे."

सोमवार, ३ एप्रिल

गुडगावला जाऊन आले. हे बरोबर येतो म्हणत होते, एकटी गेले.

वैजयंतीबाईंनी चौरंग घासून ठेवला होता. मी बसले नाही. सांगितलं, हे लग्न होणार नाही.

"म्हणजे? तुमच्या मुलीनं हो म्हटलं होतं ना? सुधन्वालाही म्हटलं होतं!"

"तिनं हो म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. "तिला कळलं नव्हतं. कळलं नाही की मान डोलवायची, असं मी तिला शिकवलंय. चूक तिची नाही, सुधन्वाचीही नाही. माझी आहे."

त्या पुष्कळ बोलल्या. फसवणूक म्हणाल्या, बहिरी म्हणाल्या, मुलगी शेफारली म्हणाल्या. सुधन्वा शेवटी एवढंच म्हणाला, "कळलं नव्हतं तर तिनं विचारायचं होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

बसमध्ये जागा मिळाली नाही. मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, पण दिल्लीच्या बसमध्ये उभ्यानं कोण रडतं? वरची दांडी धरून राहिले.

बुधवार, ५ एप्रिल

पाडवा. बाल्कनीत गुढी उभारली, त्या नव्या जोडाच्या तारेपासून लांब. श्रीखंड केलं नाही. शेजारच्यांनी साखरपुड्याचं विचारलं, सांगितलं मोडला. राजाभाऊचा फोन आला, बिचारा फार ओशाळला होता. म्हणाला, मिशी काढतो. म्हटलं, राहू दे, तिला चिठ्ठी लिहीत जा.

रविवार, ९ एप्रिल

आज तिनंच आधी लिहिलं. आता मला अक्षरं जरा सापडतात, तरी तिची गती काही औरच. ऑफिसातलं सांगत होती, मग हॉस्टेलचं, मग सुट्टीचं, मराठीत इंग्रजी, इंग्रजीत हिंदी, शब्दांचे तुकडे करून, एका ओळीवर दुसरी. मी एक ओळ वाचून होईपर्यंत ती वर सरकून जायची. पुन्हा वर जायचं कसं ते मला अजून येत नाही. कुठेतरी सिद्धांतचं नाव दिसलं, मे दिसलं, प्रश्नचिन्ह दिसलं. बाकी काही हाती लागलं नाही. तिकडे ती वाट पाहत असणार. तिचा वेळ मोजका, ऑफिसातले बाकीचे मागे ताटकळत असतील. थांबवावं कसं, कंटाळेल बिचारी. म्हणून मी पटकन लिहिलं, "हो हो."

लिहिलं आणि माझं मलाच दिसलं. मान डोलतच होती, खुर्चीत बसल्या बसल्या. चेहऱ्यावर हसूसुद्धा होतं.

मागे हे उभे होते. त्यांनी पाहिलं असावं.

मग एकेक अक्षर शोधून लिहिलं: "मला कळलं नाही. पुन्हा सांग."

या चार-पाच शब्दांना एवढा जोर लागतो, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं. तिला मी ते चौथ्या वर्षापासून बंद केले होते.

पलीकडून आलं, एकेक ओळ, मधे जागा सोडून, मी पूर्वी तिच्याशी ओठ हलवायची तसं सावकाश.

"मे महिन्यात मी घरी येते."

"सिद्धांतला घेऊन येऊ का?"

"तो हातानंच बोलतो, आई. तुला कळणार नाही."

दोनदा वाचलं. सिद्धांत कोण, हे यांनी फेब्रुवारीतच विचारलं होतं आणि मी हातवाऱ्यांकडे बघत बसले होते. राग आला, भीती वाटली, दोन्ही खरं. हो हो मात्र लिहायचं नव्हतं.

शेवटी लिहिलं, "घेऊन ये. नाही कळलं तर मी विचारीन."

मग उठले आणि यांना खुर्ची दिली.